शिकवण्या आणि व्याख्यानांवर चित्रकाराने घर कसं चालवायचं: खानदेशातल्यांसाठी टप्प्याटप्प्याने

आधी गाळा भाड्याने, मग फ्लेक्स, मग रंगीत पत्रकं आणि सगळ्यात शेवटी विद्यार्थी. आपल्याकडे चित्रकलेचा वर्ग काढणारे बहुतेक जण याच क्रमाने जातात आणि दिवाळीच्या आसपास गाळा सोडतात. मीही एकदा सोडलाय. व्याख्यानाचीही तीच गत. तारीख आधी ठरते, पैशाचा विषय निघतच नाही आणि आपण शाल-श्रीफळ घेऊन शेवटच्या एसटीने घरी येतो. एका हिवाळ्यात माझ्याकडे सात नारळ जमले होते. बर्फी तरी किती करणार?

चुकतो तो क्रम. म्हणून खाली कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने लिहिली आहेत, फक्त आठवा टप्पा सातव्याच्या आधी करायचा. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १: काय विकणार ते ठरवा

"मी कला शिकवते" असं सांगून कोणी पैसे देत नाही. तुमच्याकडे देण्यासारख्या तीन वस्तू असू शकतात: आठवड्याला भरणारा मुलांचा वर्ग, एक-दोन दिवसांची कार्यशाळा आणि तास-सव्वा तासाचं प्रात्यक्षिकासह व्याख्यान. घरभाडं आणि किराणा वर्गातून निघतो. कार्यशाळेतून रंग, कागद, फ्रेमिंग सुटतं. व्याख्यानातून नाव होतं आणि त्या नावावर पुढची कार्यशाळा मिळते. व्याख्यानांवरच घर चालवायचं म्हणाल तर आपल्या तीन जिल्ह्यांत ते कठीण आहे, हे आधीच सांगून टाकते.

वर्गासाठी आलेले पालक पहिल्यांदा विचारतात, "परीक्षेला उपयोग होईल का?" या प्रश्नाचा राग धरू नका, उत्तर तयार ठेवा. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा असतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला ७, बीला ५ आणि सीला ३ वाढीव गुण मिळतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असा त्यांचा अभ्यास असतो. तो नीट शिकवता येत असेल तर वर्षाचे सहा महिने तुमचा वर्ग रिकामा राहणार नाही. उरलेल्या सहा महिन्यांत हवं ते शिकवा.

तपासा: तिन्ही वस्तूंचं प्रत्येकी एक वाक्य कागदावर लिहा. त्यात कोणासाठी, किती वेळ आणि शेवटी हातात काय, हे तिन्ही आलं पाहिजे. "आठवी ते दहावीच्या मुलांसाठी, आठवड्याला तीन दिवस, इंटरमिजिएटची पूर्ण तयारी." इतकं साधं.

टप्पा २: पैशाचा हिशेब, तोही आधी

समजा बारा मुलं आहेत आणि महिना फी ६०० रुपये. जमले ७,२००. खोलीचं भाडं ३,०००, कागद-रंग १,०००, वीज आणि किरकोळ ४०० वजा केले की हातात २,८०० उरतात. आठवड्याला तीन दिवस, दोन-दोन तास म्हणजे महिन्याला २४ तास शिकवणं. तयारीचे आठ तास त्यात धरले की ३२. तासाला साधारण ८७ रुपये पडले. हाच वर्ग घरच्या ओसरीत भरवला तर भाडं वाचतं, हातात ५,८०० राहतात आणि तासाला १८० च्या वर पडतात. आकडे तुमच्या गावाचे घाला, गणित हेच राहील.

यात बारा महिने धरू नका. मे, दिवाळीची सुट्टी आणि गावाकडची लग्नं वजा जाता दहा महिनेच फी येते.

व्याख्यानाचा भाव काढताना बोलण्याचा तास मोजू नका. भुसावळहून शहाद्याला जाऊन यायचं म्हणजे दिवस गेला, आणि तयारीचा एक दिवस वेगळा. तुम्हाला महिन्याला २५,००० लागत असतील आणि महिन्याचे वीस दिवस काम होत असेल, तर एक दिवस १,२५० चा. म्हणजे व्याख्यानाचे किमान २,५००, शिवाय प्रवास आणि साहित्य. हा तुमचा तळ. याखाली जायचं की नाही ते समोरची संस्था बघून ठरवा, पण तळ कुठे आहे ते ठाऊक असल्याशिवाय फोन उचलू नका.

सावध: "पहिल्यांदा फुकट करा, पुढे बघू" हे वाक्य ऐकलंत की समजा, पुढच्या वर्षीही फुकटच. करायचंच असेल तर वर्षाला दोन कार्यक्रम फुकट ठरवा आणि ते तुम्ही निवडा. मी एक आश्रमशाळा आणि एक वाचनालय धरते.

टप्पा ३: महिनाभर ओसरीत

गाळा नको, फ्लेक्सही नको. गल्लीतली, नात्यातली पाच-सहा मुलं घ्या, फी अर्धी ठेवा आणि चार आठवडे शिकवा. फी अर्धी, फुकट नाही, कारण फुकटच्या वर्गाला मूल पावसाचं कारण सांगतं आणि तुमच्या शिकवण्यात काय कमी आहे ते तुम्हाला कळतच नाही.

या महिन्यात तीन गोष्टी बघा. दोन तासांचा धडा तुम्ही दोन तासांत बसवता का? मूल घरी नेतं ते चित्र पालकांना दाखवण्यासारखं आहे का? आणि तुम्ही मुलाच्या कागदावर स्वतः हात चालवता का? शेवटची खोड आपल्या सगळ्यांना असते. मुलाचा घडा वाकडा झाला की आपण पेन्सिल हिसकावतो. चित्र छान होतं, मूल पुढच्या आठवड्यात तसंच्या तसं बसून राहतं. शेजारी वेगळा कागद घ्या आणि त्यावर दाखवा.

वर्ग घरात असला तरी दार उघडं ठेवा. पालकांना कधीही डोकावता आलं पाहिजे. मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालते.

तपासा: चार आठवड्यांनी सहापैकी चार मुलं पूर्ण फी देऊन राहिली, तरच पुढे. नाहीतर अजून एक महिना ओसरीतच.

टप्पा ४: वर्षाचं वेळापत्रक, आपल्या हवेचं आणि आपल्या सणांचं

पुण्या-मुंबईचं वेळापत्रक उचलून इथे लावलं की शिबिर रिकामं जातं.

जूनमध्ये पालकांच्या खिशातून वह्या-पुस्तकं, गणवेश, शाळेची फी जाते, आणि शेतकऱ्याच्या घरात पेरणीचा खर्च असतो. या महिन्यात तिमाही फी मागू नका, महिन्याची घ्या. कापसाच्या पट्ट्यात पैसा दसरा-दिवाळीनंतर हातात येतो, तेव्हा चार महिन्यांची एकदम मागितली तर मिळते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात तो वर्षभर थोडाथोडा फिरतो, तिथे महिन्याचीच फी बरी.

जुलैपासून ग्रेड परीक्षेची तयारी. फॉर्म आणि परीक्षेच्या तारखा दरवर्षी हलतात, त्या कला संचालनालयाच्या सूचनेवरून आणि मुलाच्या शाळेतून घ्या, माझ्या किंवा कोणाच्याही भरवशावर राहू नका. श्रावणात कानबाईच्या सणाचा रविवार आणि सोमवार वर्गाला धरू नका. निम्मी मुलं गावाला असतात आणि उरलेली रोट खाऊन झोपलेली.

डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंगं आणि महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची हिवाळी शिबिरं. रोज दुपारी बौद्धिक सत्राला वक्ता लागतो. जानेवारीत १४ ते २८ मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, मग २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. व्याख्यानं याच काळात मिळतात. आणि त्यांचं बोलणं ऑक्टोबरमध्ये करायचं, डिसेंबरमध्ये नाही.

उन्हाळी शिबिर हे सगळ्यात फसवं प्रकरण. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी मेमध्ये. ती आली की लेकी माहेरी, पोरं मामाच्या गावी आणि झोक्यावर, तुमच्या शिबिरात कोणी नाही. म्हणून आधी कॅलेंडरवर आखाजी शोधा, मग शाळांच्या परीक्षा कधी संपतात ते विचारा. मधे दहा दिवस सापडले तर शिबिर त्यात बसवा. नाही सापडले तर आखाजीनंतर आठवडा सोडून सुरू करा. वेळ सकाळी सात ते साडेनऊ. दहानंतर आपल्याकडच्या उन्हात मुलाला रस्त्यावर काढायला कोणती आई तयार होईल?

टप्पा ५: शाळेच्या दारात

वर्ग महिना-दोन महिने चालला की शाळेत जा, आधी नाही. जाताना मुलांनी केलेली दहा चित्रं न्या, तुमची स्वतःची दोनच.

पहिल्यांदा कलाशिक्षकांना भेटा, मुख्याध्यापकांना नंतर. हा क्रम उलटा केला की कलाशिक्षकांना वाटतं आपल्या डोक्यावर कोणी आणून बसवलंय, आणि मग कार्यशाळेच्या दिवशी खोलीची चावी सापडत नाही. त्यांना विचारा, "सर, तुम्हाला कोणत्या विषयाला वेळ पुरत नाही?" बऱ्याचदा उत्तर संकल्पचित्र किंवा अक्षरलेखन असं येतं. तीच तुमची कार्यशाळा. त्यांचं नाव पत्रिकेत आयोजक म्हणून घाला.

टप्पा ६: कार्यशाळा

इथे सगळं साहित्यावर उभं राहतं. "मुलांनी रंग आणावेत" असं पत्रकात लिहिलंत की चाळीसपैकी पंधरा आणतील, दहांचे वाळलेले असतील आणि बाकीचे शेजाऱ्याच्या पेटीत हात घालतील. साहित्य तुम्ही न्या आणि त्याचे पैसे फीमध्ये धरा. प्रत्येक मुलासाठी एक पाकीट: दोन कागद, एक पेन्सिल, खोडरबर, त्या दिवसाचे रंग. पाकिटं आदल्या रात्री भरून मोजून ठेवा, वर पाच जास्तीची. यादीत चाळीस असली तर चव्वेचाळीस मुलं येतात.

आपल्या हवेचा विचार न करता माध्यम निवडणं ही दुसरी मोठी चूक. एप्रिल-मेमध्ये ओल्या कागदावर जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, टाकायला जाल तर वरचा पंखा अर्धा कागद वाळवून टाकेल आणि मध्ये पट्टे उठतील. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. या दिवसांत कोलाज, शाई-काडी, पेन्सिल किंवा मातीकाम घ्या. जलरंग पावसाळ्यात आणि हिवाळ्यात. ऑइल पेस्टलही जपा. एकदा भुसावळ स्टेशनबाहेर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मी बारा पेट्या ठेवल्या आणि चहा प्यायला गेले. परत आले तर खडूंचा लोण्यासारखा गोळा, लाल-पिवळा एकमेकांत, कागदी वेष्टनं चिकटलेली. ती कार्यशाळा कोळशाने केली.

तपासा, आदल्या दिवशी फोनवर: पाण्याची सोय वर्गाजवळ आहे का, बाकं हलवता येतात का, किती मुलं, शेवटी चित्रं लावायला भिंत किंवा दोरी आहे का. दोरी आणि चिमटे मी स्वतःच नेते.

टप्पा ७: व्याख्यान

चित्रकाराचं व्याख्यान बहुधा दोन प्रकारे पडतं. एक, "कलेचे जीवनातील महत्त्व" असला विषय घेतला जातो. दोन, साठ स्लाइड नेल्या जातात आणि विसाव्या मिनिटाला वीज जाते. दोन्हींवर उपाय एकच: श्रोत्यांच्या ओळखीची एकच वस्तू घ्या आणि ती त्यांच्यासमोर हाताने करून दाखवा.

माझं उदाहरण देते. खानदेशातल्या बहुतेकांनी अजिंठा शाळेच्या सहलीत बघितलेला असतो, जळगावहून साठेक किलोमीटर. बघितलेला म्हणजे अंधारात रांगेत चालून आलेला. तिथली चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत, मातीचा गिलावा पूर्ण वाळल्यावर रंगवलेली आहेत. मी दीड फुटी फळीवर माती, भाताचं तूस आणि शेण कालवून गिलावा देते, वर चुन्याचा पातळ हात. ती फळी टेबलावर उभी करते आणि डिंकाच्या पाण्यातल्या गेरूने पहिल्या लेण्यातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या भुवईची रेघ ओढते. एकच रेघ, बोलत बोलत. मग विचारते, हा लाल रंग तुमच्या घरी कुठे आहे? मागच्या बाईंचा आवाज येतो, "आमना कुंडीसले." तुळशीच्या कुंड्यांचा गेरू. तिथून पुढचा तास मला ओढावा लागत नाही. पिवळी माती, काजळी, हिरवी माती हे सगळं जमिनीतलं आणि निळा मात्र परमुलखातून आलेला दगड, हे सांगितलं की प्रश्न आपोआप येतात.

तयारीचा क्रम असा. फळ्या दोन करा, एक प्रवासात तडकते. गिलावा कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी द्या. मी पहिल्यांदा आदल्या दिवशी दिला होता आणि सभागृहात फळी उभी करताच चिखल माझ्या साडीवर आला. पूर्ण व्याख्यान एकदा घरी घड्याळ लावून करा, पन्नास मिनिटांत संपलं पाहिजे. उरलेला वेळ दीपप्रज्वलन, परिचय आणि अध्यक्षीय भाषण खातंच. स्लाइड दहाच्या वर नकोत आणि त्यांच्याशिवायही बोलता आलं पाहिजे.

विषय गावाप्रमाणे बदला. चाळीसगावात तिथलेच छायाचित्रकार केकी मूस यांच्या टेबलटॉप छायाचित्रांवर बोललात, खेळण्यातल्या वस्तू मांडून खरा देखावा कसा उभा करायचा ते मोबाइलवर करून दाखवलंत, तर महाविद्यालयातली मुलं उठून पुढे येतात.

सावध, बोलीबद्दल: धुळे, पारोळा, अमळनेरकडे अहिराणीत चार वाक्यं बोललात की सभा तुमची. तीच वाक्यं यावल-रावेरला टाकलीत तर लोक हसतील, पण तुम्हाला. तिथली लेवा गणबोली वेगळी आहे. आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळेत मुलांच्या घरची बोली भिली किंवा पावरी असते, मराठीच तिथे दुसरी भाषा. तिथे कमी बोला, जास्त करून दाखवा. बोली येत नसेल तर तिची नक्कल करू नका.

टप्पा ८: होकार देण्याआधीचा निरोप

खरं तर हा टप्पा सातव्याच्या आधी करायचा, पण लोक तो गाळतात म्हणून वेगळा लिहिते. फोनवर बोलणं झालं की दहा मिनिटांत लेखी निरोप पाठवा. तोंडी ठरलेलं मानधन सभागृहात पोचेपर्यंत निम्मं होतं. एका महाविद्यालयात मला तीन हजार सांगून एक हजाराचं पाकीट दिलं गेलं. ज्यांनी फोन केला होता ते प्राध्यापक त्या दिवशी रजेवर होते, आणि माझ्याकडे लिहिलेलं काही नव्हतं. तेव्हापासून हा मजकूर फोनमध्ये तयार असतो:

"नमस्कार सर. आज बोलल्याप्रमाणे लिहून ठेवते. तारीख १८, दुपारी २ ते ३.१५. विषय: अजिंठ्याची भिंत कशी रंगवली, प्रात्यक्षिकासह. मानधन रु. ३,०००, प्रवास व साहित्य रु. ८०० वेगळे. रक्कम कार्यक्रमाच्या दिवशी किंवा १५ दिवसांत खात्यावर. टेबल, पाण्याची बादली आणि माइक लागेल. कार्यक्रम रद्द झाल्यास तीन दिवस आधी कळवावे, नंतर साहित्याचा खर्च द्यावा लागेल. आपलं 'ठीक आहे' आलं की तारीख पक्की धरते."

घासाघीस होतेच. "मॅडम, आमची संस्था लहान आहे" असं म्हटलं की आकडा कमी करू नका, वाटेकरी शोधायला सांगा. मानधन तेच ठेवून त्याच दिवशी शेजारच्या शाळेचं सत्र जोडायला सांगा, दोघांनी खर्च वाटून घ्यावा. हे बऱ्याचदा जमतं. आणि सरळ नाही म्हणायचं असेल तर "त्या तारखेला जमत नाही सर" पुरे.

टप्पा ९: कागद

कंटाळवाणं आहे, पण थोडं आहे. पॅन आणि खात्याचा रद्द केलेला चेक स्कॅन करून फोनमध्ये ठेवा. संस्था व्यावसायिक शुल्कावर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कापू शकते. पॅन दिला नाहीत तर २० टक्के जातात. एका संस्थेकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या आत मिळाले असतील तर हा टीडीएस लागत नाही. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, आधी ३०,००० होती. कापलेला पैसा बुडत नाही. उत्पन्न करपात्र नसेल तर आयकर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण भरावं लागतं. सेवांसाठी जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या पुढे, तेव्हा त्याची चिंता सध्या नको.

बिलाची वही ठेवा. साध्या कागदावर क्रमांक, तारीख, काम, रक्कम आणि सही. पंधराव्या दिवशी पैसे आले नसतील तर प्राचार्यांना नाही, लेखापाल किंवा क्लार्क भाऊंना फोन करा. पैसे त्यांच्या टेबलावरून निघतात. नुसतं "बिल मिळालं ना भाऊ, अजून काही कागद लागतोय का?" एवढंच विचारा.

टप्पा १०: घरी आल्यावर

त्याच रात्री आयोजकांना दोन ओळींचे आभार आणि तीन फोटो पाठवा. सभेत "आमच्या शाळेतही या" म्हणालेल्यांची नावं आणि फोन नंबर वहीत चढवा आणि तिसऱ्या दिवशी त्यांना फोन करा. आठवडा गेला की तो उत्साह ओसरलेला असतो.

वहीत प्रत्येक गावासाठी एक पान असू द्या: किती लोक, काय रंगलं, काय फसलं, कोणाकडे चावी असते, शेवटची गाडी किती वाजता. चोपड्याच्या पानावर माझं एकच वाक्य आहे, "चुना वाळेपर्यंत पंखा बंद करायला सांगणे." पुढच्या वर्षी तिथे गेले तेव्हा शिपाई दादांनी मला बघताच आधी बटण बंद केलं आणि मग पाणी आणून दिलं.